चाळीस कोटांचं फोल्डर

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. रेशनचा, शाळेचा, दाखल्याचा. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, म्हणून गेली तीन वर्षं आमचे आणि आजूबाजूच्या चार घरांचे सगळे फॉर्म मीच भरतो. परीक्षेतली उत्तरं सोडली तर त्या रकान्यांबाहेर मी कधी काही लिहिलेलं नाही. त्यामुळे स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहायला बसलोय याचा संकोच वाटतो. विषयही मोठा नाही. एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली, एवढाच. पण त्या गडबडीत मी एका बाईंचं न ऐकता स्वतःच्या मनाने एक काम केलं, आणि ते बरोबर होतं की नाही हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. म्हणून लिहितो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

स्टुडिओ घाटकोपर पश्चिमेला, मेट्रोच्या खांबासमोर. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढाच. कॉलेज सुटलं की मी दुपारी तिथे जायचो, अजूनही जातो. पासपोर्ट साइझ, आयकार्ड, लॅमिनेशन, फ्रेम, आणि जुने फोटो नीट करून देणं ही कामं. मालकांना सगळे काका म्हणतात. फोटो काढायचं काम काकांचं, कॉम्प्युटरवरचं माझं. फोटोतला डाग घालवणं, मागचा पडदा निळा करणं, केस सारखे करणं हे सगळं मला त्यांनीच शिकवलं, आणि ते स्वतः बोटांनी शिकले होते. म्हणजे कुठल्या बटणाने काय होतं हे त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. कीबोर्डवर हात ठेवून बोटं हलवायचे आणि म्हणायचे, "हे बघ, हे." माझंही तसंच झालं होतं.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि कॉम्प्युटर उघडेनासा झाला. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं की मशीन इतकं जुनं आहे की नवीन विंडोज त्याच्यावर चालणार नाही आणि जुनं आता कोणी टाकत नाही. काकांनी काउंटरवर हाताने लिहिलेली पाटी लावली, "फोटो उद्या मिळतील." ती पाटी चार दिवस तशीच राहिली. तेव्हा मी, जो कधी आपणहून काही सुचवत नाही, बोलून गेलो की माझ्या वर्गातली एक मुलगी कॉम्प्युटरचा कोर्सही करते, तिला विचारू का?

ती मुलुंडहून आली. मशीन बघून म्हणाली, "हा काय रे, म्युझियममधून आणलाय?"

"चालेल का गं?"

"विंडोज नाही चालणार. लिनक्स टाकते. पळेल बघ. आणि फुकट आहे."

काका स्टुलावर बसले होते ते पुढे सरकले. "फुकट म्हणजे? महिनाभर फुकट?"

"कायमचं, काका."

"मग त्यात काहीतरी खोट असणार."

"आत्तापर्यंत जे फोटोशॉप वापरत होतात, ते तरी कुठे विकत घेतलं होतंत?"

मला वाटलं आता काका चिडणार. पण ते हसले आणि समोरच्या टपरीवाल्याला तीन कटिंग सांगितले. तिने दोन तासांत नवी सिस्टीम टाकली, फोटो एडिटिंगसाठी एक नवा प्रोग्रॅम टाकला, जुनी हार्डडिस्क वाचली होती ती जोडून दिली आणि जाताना मला म्हणाली, "आठवडाभर शिव्या देशील मला. मग देणार नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. काकांनी पहिलं विचारलं, "डी कुठाय?" त्यांचं सगळं आयुष्य डी ड्राइव्हमध्ये होतं. या नव्या सिस्टीममध्ये सी, डी असलं काही नव्हतंच. त्याच फायली दुसऱ्याच नावाच्या आत होत्या. मी दाखवल्या. काकांनी मान हलवली, आणि तासाभराने परत, "पण डी कुठाय रे?"

त्याच आठवड्यात मावशी आल्या. नात्यातल्या नव्हेत; आम्ही राहतो त्याच डोंगरावरच्या वस्तीत वरच्या बाजूला राहतात. त्यांचे यजमान वर्षभरापूर्वी वारले होते. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर शेवटपर्यंत एका सोसायटीत वॉचमन. मावशींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. भजनी मंडळाचा ग्रुप फोटो, दोन ओळींत तेरा माणसं. मागच्या ओळीत डावीकडून तिसरे यजमान. तोंड अर्धं उघडं, बहुतेक गात असताना काढलेला.

"रे झिला," मावशी म्हणाल्या, "ह्येंका एकटे काढ. आणि कोट घाल."

"कसला कोट, मावशी?"

"काळो. टाय बांधलेलो. ह्येंनी जन्मात कधी कोट घातल्यानी नाय. आता तरी घालूंदेत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भिंतीवर लावायला गेलेल्या माणसाचा फोटो करून घेताना लोक कोट मागतात. माणसाचा चेहरा मानेपासून कापायचा आणि तयार कोटावर बसवायचा. काकांकडे त्याचं एक फोल्डरच आहे. चाळीस कोट. काळा, निळा, राखाडी, चौकड्याचा, टायसकट, टायशिवाय. जुन्या सिस्टीमवर मला या कामाला दहा मिनिटं पुरायची. कितीतरी जणांना मी कोट घातले असतील.

मावशींना आठ दिवसांनी गावाला जायचं होतं, वर्षश्राद्धासाठी. गावच्या घरात ओटीवर सासऱ्यांचा, चुलतसासऱ्यांचा असे फोटो ओळीने आहेत. तिथे यजमानांचा लावायचा होता. घर दिराच्या ताब्यात. "वॉचमन होतो म्हणान गावात हलको पडाक नको," मावशी हळूच म्हणाल्या, काकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. मी म्हटलं, "काळजी करू नका, मावशी. एकदम झकास करून देतो." हे बोलताना मला नव्या प्रोग्रॅममध्ये साधी कात्री कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त त्रास बोटांनी दिला. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादा भाग निवडला आणि काम झालं की कंट्रोल आणि डी दाबायचं, निवड सुटते. माझं बोट हे न सांगता करतं. नव्या प्रोग्रॅममध्ये तेच दाबलं की सगळ्या फोटोची नवी प्रत उघडते. हे मला माहीत नव्हतं. निवड सुटली नाही की मी परत दाबायचो, आणखी जोरात. पहिल्या दिवशी संध्याकाळी वर बघितलं तर छोट्या छोट्या चौकोनांची रांग. मोजले. सतरा. प्रत्येकात यजमान, तोंड अर्धं उघडं.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "अरे, तिने एक मागितला होता रे!"

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट फोटोंची घाई होती. मी नेहमीसारखं सेव्ह केलं आणि पेनड्राइव्हवर दिलं. तो माणूस अर्ध्या तासाने परत आला, सायबर कॅफेत फाइल उघडतच नाही म्हणून. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "सेव्ह नाही, एक्स्पोर्ट कर. सेव्ह केलंस की ती फाइल फक्त त्याच प्रोग्रॅमला कळते."

"मग सेव्ह कशाला ठेवलंय?"

"तुझ्यासाठी. एक्स्पोर्ट दुसऱ्यांसाठी. सोपं आहे रे!"

तिसऱ्या दिवशी प्रिंटर बोलेना. तिने फोनवर मला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि त्यात पांढरी अक्षरं टाइप करायला लावली, एकेक अक्षर सांगून. काका दारातून आत आले आणि तिथेच थांबले. "हॅकिंग करतोयस काय रे? पोलीस येतील हां." पण शेवटी प्रिंटर खडखडला आणि काकांनी त्याला हात जोडले. ते सगळं मी वहीत उतरवून ठेवलं आहे. अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर.

खरी गोष्ट चौथ्या दिवशी घडली. कात्री एव्हाना सापडली होती, चेहरा बरा कापता येत होता. मी कोटांचं फोल्डर उघडलं, मावशींना हवा तसा काळा कोट निवडला, आणि समोर जो उघडला तो वांगी रंगाचा होता. चकचकीत वांगी. मला वाटलं चुकीची फाइल घेतली. दुसरी उघडली, राखाडी नावाची. वांगीच. निळी उघडली. वांगी. दहाबारा उघडून बघितल्या. सगळ्या फायलींत तोच एक कोट, तीच डाव्या बाजूची चुणी, खिशाच्या कडेला निघालेला तोच एक धागा. मी मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं की जुन्या प्रोग्रॅममधले रंग, चौकडी, टाय बदलणारे थर हा नवा प्रोग्रॅम वाचत नसेल, त्यामुळे खालचं मूळ चित्र तेवढं दिसतंय.

मी काकांना हाक मारली. "काका, हे कोट..."

काकांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं बरं नाहीये. मग ते खुदकन हसले.

"बापरे. किती वर्षांनी बघतोय हा."

"म्हणजे सगळे एकच आहेत?"

"मग? चाळीस माणसं उभी करून चाळीस कोट शिवले असतील असं वाटलं तुला? माझ्या लग्नातला आहे. तेव्हा वाइन कलर म्हणजे फॅशन होती रे. तुझ्या काकू अजून हसतात."

"आणि आतलं अंग?"

"माझंच की! तेव्हा बारीक होतो."

मी त्या कोटाकडे बघत राहिलो. म्हणजे डोंगरावरच्या कितीतरी घरांत, अंगणवाडीच्या भिंतीला लागून राहणारे मास्तर, पिठाच्या गिरणीवाले, माझे चुलत आजोबासुद्धा (त्यांचा फोटो मीच केला होता), सगळे काकांच्या खांद्यांवर होते. काकांना असं म्हटलं तर ते म्हणाले, "म्हणून तर माझी पाठ दुखते." आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले.

रंग काळा करणं अवघड नव्हतं. तेही मी त्या संध्याकाळी शिकलो. कोट काळा झाला, टाय लाल झाला. यजमानांचा चेहरा मी त्यावर ठेवला. आणि तो बसेना.

हे नीट सांगता येतं का बघतो. यजमान फोटोत ताठ उभे नव्हते. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बराच खाली होता. मावशी मधे एकदा काम कुठवर आलं बघायला आल्या तेव्हा मी विचारलं. म्हणाल्या, गिरणीत सुताच्या बॉबिनांच्या पेट्या उचलून तसा झाला, पुढे सरळ झालाच नाही. मान त्या खांद्याकडे थोडी कललेली. जुन्या सिस्टीमवर मी हे पाहिलंच नसतं. मानेपासून कापलं, बसवलं, पुढचं गिऱ्हाईक. पण कात्री शिकताना मी सरावासाठी पहिले तीन दिवस नुसता चेहरा नाही, अख्खे यजमानच कापत होतो. पुन्हा पुन्हा, कडेकडेने, दहापट मोठं करून. शर्टाची कॉलर उलटून परत शिवलेली होती. वरचं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं. हे सगळं माझ्या बोटांना पाठ झालं होतं. काकांच्या सरळ खांद्यांवर तो कललेला चेहरा ठेवला की असं वाटायचं, कोणीतरी त्यांना पकडून उभं केलंय. मी चेहरा सरळ फिरवून पाहिला. मग ते दुसरेच कोणीतरी दिसायला लागले.

मग मनात आलं, आहे त्या शर्टातलाच एक करून बघू; पण त्यात दुसरी अडचण होती. शेजारच्या माणसाने त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवलेला होता. चार बोटं शर्टावर स्पष्ट. मावशींना विचारलं होतं, हात कोणाचा? त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ठावक नाय रे. मंडळातलो कोणीतरी." ती बोटं काढून तिथे शर्ट भरायला मला दोन दिवस लागले. नव्या प्रोग्रॅममध्ये कुठून रंग घ्यायचा ते आधी कंट्रोल दाबून सांगावं लागतं आणि मी जुन्या सवयीने ऑल्ट दाबत होतो. तीन बोटं छान गेली. चौथ्याची एक सावली राहिली, ती मी शर्टाची घडी म्हणून सोडून दिली.

सातव्या दिवशी माझ्याकडे दोन प्रिंट होते. एक काळ्या कोटातला, एक शर्टातला. काकांनी दोन्ही पाहिले.

"शर्टातला चांगला झालाय," ते म्हणाले. "पण फ्रेममध्ये कोटाचा घाल. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. आपण कोण ठरवणारे?"

मी हो म्हटलं. काका जेवायला घरी गेले. मी फ्रेम घेतली, काच पुसली, आणि शर्टातला फोटो वर ठेवला. कोटातला त्याच्या मागे. पाठीमागचा पुठ्ठा लावून खिळे ठोकले आणि फ्रेम वर्तमानपत्रात बांधली. का केलं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. यजमानांसाठी केलं असं म्हणायला मला आवडेल. पण दोन दिवस खपून काढलेली बोटं फुकट जाऊ नयेत, हेही त्यात असेलच.

मावशी दुपारी आल्या. रिक्षा बाहेर थांबवून ठेवली होती, तिच्यात दोन पिशव्या आणि एक पत्र्याची ट्रंक. गावची बस संध्याकाळची होती. मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. मागे कोटाचा आहे, नको असेल तर खिळे काढून वर घ्या. मी म्हटलं, "मावशी, उघडून बघा एकदा."

"हय नको," त्या म्हणाल्या. त्यांनी फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "हय रस्त्यार काय बघू तेंका? घराक जावन दिरासमोर उघडतलंय."

"मावशी, आतमध्ये..."

"तू केलंस मां? मग बरोच असतलो." आणि माझ्या गालावर हात फिरवून त्या रिक्षात बसल्या. रिक्षा मेट्रोच्या खांबाला वळसा घालून गेली. माझं वाक्य तिथेच राहिलं.

काका आल्यावर त्यांना सांगितलं. ते पहिल्यांदा माझ्यावर खरोखर रागावले. "तिकडे चारचौघांत उघडणार ती, आणि आत उलटलेल्या कॉलरचा शर्ट! कळतंय का तुला? आत्ता फोन कर." मी केला. बंद. दुसऱ्या दिवशी केला, नेटवर्क नाही. तिसऱ्या दिवशीही. श्राद्धाची तिथी होऊन गेली.

त्यानंतरचे पाच आठवडे मी नवी सिस्टीम नीट शिकलो. त्याचं कारण बहुतेक हेच की दुसऱ्या कशाचा विचार करायला नको होता. बोटं सुधारली. एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये जुन्या प्रोग्रॅमवर बसलो तर तिथे उलटं चुकायला लागलो. मैत्रीण म्हणाली, "वाट लागली तुझी. आता तू कुठलाच राहिला नाहीस." काकांना मी रोज एक गोष्ट शिकवायचो. डी कुठाय हे त्यांनी विचारणं सोडलं, पण शिकताना मधेच थांबून म्हणायचे, "मावशीचा फोन आला का रे?" त्यांचा राग केव्हाच गेला होता. एक दिवस मी आलो तर ते एकटेच कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्या कुणाचा तरी फोटो कापत होते, मानेपासून नाही, अख्खा माणूस. मला बघून म्हणाले, "सराव करतोय."

आई घरी म्हणायची, "माफी मागायला वरच्या चाळीत जाऊन ये." पण वरच्या घराला कुलूप होतं.

फोन आला तो एका बुधवारी, दुपारी, स्टुडिओत. काकांनी स्पीकर लावला. मावशी देवळाच्या टेकडीवर चढून बोलत होत्या, तिथेच नेटवर्क येतं म्हणाल्या, आणि वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं. मी आधीच बोललो. "मावशी, चुकलं माझं. कोटाचा मागे आहे. खिळे काढले की..."

"गप रव," मावशी म्हणाल्या. "आधी ऐक. फ्रेम उघडलंय तेव्हा तुका लय शिव्या घातलंय. सगळे बसलेले होते, भटजीसुद्धा. माका तोंड लपवूक जागा नाय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काउंटरकडे बघत होतो.

"मग दीर उठलो," मावशी म्हणाल्या. "फ्रेम हातात घेतल्यान. कितीतरी वेळ नुसतो बघीत रवलो. मग माका म्हणालो, वयनी, बाकीचे सगळे फोटो कोणाचेव वाटतत. ह्यो तेवडो आमचो दादा. आणि सासऱ्यांच्या बाजूक स्वतः खिळो मारून लावल्यान."

वारा आला. थोडा वेळ नुसती खरखर. काकांनी फोन उचलून हलवला, जणू त्याने काही होणार होतं.

"हॅलो? ऐकतंस मां?" मावशींचा आवाज परत आला. त्या हसत होत्या. "आता तो म्हणता, माजोव असोच काढून ठेवा, मी जिवंत आसय तवसर. पुढच्या महिन्यात माज्यावांगडा मुंबैक येताहा. खयचो शर्ट घालू, ता तुका इचारूक सांगल्यान हा."